वसुलीवाला दारात आला तर: सीमाभागात कोणत्या कर्जाला कोणता कायदा

सीमाभागातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या, एकाच घरात चार प्रकारची कर्जं सहज सापडतात. शेतावर गावच्या सोसायटीचं पीककर्ज, घरातल्या बाईच्या नावावर गटातून घेतलेलं फायनान्सचं कर्ज, दुकानासाठी गडहिंग्लज किंवा कोल्हापूरच्या पतसंस्थेतून उचललेली रक्कम, आणि पोरीच्या लग्नाला कमी पडले म्हणून गावातल्याच एकाकडून महिना पाच-दहा टक्क्यांनी घेतलेले लाखभर रुपये. हप्ते थकले की चारही ठिकाणची माणसं एकाच उंबऱ्यावर येऊन उभी राहतात, आणि घरच्यांना ती सगळी सारखीच वाटतात. कायद्याच्या लेखी मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घर तारण घेतलेल्या बँकेला कोर्टात न जाता घराचा ताबा घेण्याची प्रक्रिया सुरू करता येते, दुसऱ्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय घरातलं भांडंही हलवता येत नाही, आणि तिसऱ्याला मुळात कर्ज देण्याचाच परवाना नसतो.

घेतलेले पैसे फेडायचे आहेत, त्यात वाद नाही. पण भीतीपोटी माणसं भलत्याच कर्जाचा हप्ता आधी भरतात, कोऱ्या कागदावर सह्या करतात, नाहीतर नोटीस घेतच नाहीत आणि हातातली मुदत घालवून बसतात. म्हणून पुढची कामं दिलेल्या क्रमाने करा.

पहिलं काम: कर्ज देणारा नेमका कोण, ते कागदावरून ठरवा

वसुलीवाला काय सांगतो त्यावर जाऊ नका. पावती, पासबुक, लोन कार्ड आणि करारपत्र समोर घ्या आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक शोधा. आपल्याकडे चार तऱ्हा दिसतात.

बँक असेल, मग ती राष्ट्रीयीकृत असो, खासगी असो वा अर्बन सहकारी, तर तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे. फायनान्स कंपनी असेल तर रिझर्व्ह बँकेचं एनबीएफसी, म्हणजे बिगर-बँक वित्त कंपनी, म्हणून नोंदणीपत्र असलं पाहिजे. पतसंस्थेच्या बाबतीत मात्र नीट बघावं लागतं, कारण एकाच रस्त्यावर चार पाट्या असतात आणि चौघींचा कायदा वेगळा असतो. साधी सहकारी संस्था कर्नाटक सहकारी संस्था कायदा १९५९ खाली येते. नावात 'सौहार्द' असेल तर कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा १९९७ लागतो. 'मल्टिस्टेट' असेल तर केंद्राचा बहुराज्य सहकारी संस्था कायदा २००२ लागतो आणि तिचा निबंधक दिल्लीत बसतो. कोल्हापूर-सांगलीकडची असेल तर महाराष्ट्राचा १९६० चा कायदा. चौथी तऱ्हा खासगी सावकाराची.

शेतजमीन असेल तर आणखी एक कागद काढा, तो म्हणजे आरटीसी उतारा, कर्नाटकातला सातबाराच म्हणा. त्यातल्या अकराव्या रकान्यात हक्क आणि बोजे लिहिलेले असतात. सोसायटीचं किंवा बँकेचं नाव तिथे कन्नडमध्ये असतं. वाचता येत नसेल तर वाचता येणाऱ्याकडून एकेक ओळ वाचून घ्या. फिटलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिलेला असतो, आणि क्वचित आपल्याला ठाऊक नसलेला बोजाही तिथेच सापडतो.

दुसरं काम: त्या-त्या कर्जाला वसुलीचा कोणता अधिकार आहे, ते समजून घ्या

*गटातलं फायनान्सचं कर्ज.* निपाणीच्या विडी कामगार बायकांपासून खानापूरच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत सगळ्यात जास्त त्रास याच कर्जाचा होतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारणाशिवाय दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याचे नियम ठरवून दिले. घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणी व्हायची. कर्जदार त्या ठिकाणी लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आला नाही, तरच माणूस घरी किंवा कामावर जाऊ शकतो. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास, लोकांत नाव जाहीर करणं, हे सगळं मना आहे. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही.

आपल्या लोकांसाठी यातली सगळ्यात कामाची गोष्ट लोन कार्डाची आहे. करार आणि कार्ड कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, असा नियम आहे. तुम्हाला मराठीच वाचता येत असेल तर मराठीतलं कार्ड मागा आणि ती मागणी लेखी करा. कार्डावर व्याजदर, हप्ते, भरलेल्या प्रत्येक रकमेची पोच आणि तक्रार अधिकाऱ्याचा नंबर असतो. वसुलीला आलेल्या माणसाला रोख पैसे दिले आणि कार्डावर नोंद झाली नाही, तर तो हप्ता भरला हे सिद्ध करताना पुढे नाकी नऊ येतात. नोंद झाल्याशिवाय पैसे हातातून सोडू नका.

गटातल्या एकीचा हप्ता चुकला म्हणून बाकीच्या बायकांना रात्रीपर्यंत बसवून ठेवायचं, दारात ठिय्या मारायचा, घराला कुलूप लावायचं, गॅस सिलिंडर उचलून न्यायचा, असले प्रकार वसुली नव्हेत, गुन्हे आहेत. विनातारण कर्जासाठी हुकूमनाम्याशिवाय घरातली वस्तू उचलण्याचा अधिकार कुठल्याच कंपनीला नाही.

*खासगी सावकार.* कर्नाटकात सावकारीचा धंदा करायला १९६१ च्या कायद्याखाली परवाना लागतो आणि तो सहकार खात्याकडून मिळतो. व्याजाची मर्यादा तारणी कर्जाला वर्षाला १४ टक्के आणि विनातारण कर्जाला १६ टक्के आहे. महिना १० टक्के म्हणजे वर्षाला १२० टक्के. अशा मीटर बड्डीला, म्हणजे भरमसाट व्याजाला, आळा घालायला कर्नाटकात २००४ चा जादा व्याजबंदीचा स्वतंत्र कायदाही आहे. पलीकडे महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा चालतो. तिथे शेतकऱ्याला तारणी ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के, असे दर आहेत. तिथला परवाना ठरावीक क्षेत्रापुरता असतो. कागलचा परवाना दाखवून निपाणीत सावकारी करता येत नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवा. मित्राने किंवा पाहुण्याने अडीनडीला एकदा दिलेले हातउसने पैसे म्हणजे सावकारी नव्हे. ते परत मागायला त्याला परवाना लागत नाही. व्याजाने पैसे लावण्याचा धंदा करणाऱ्यालाच हे कायदे लागतात. त्यामुळे तोच माणूस गावात आणखी कुणाकुणाला व्याजाने पैसे देतो, याची माहिती आणि साक्षीदार आधी जमवा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने वटहुकूम काढला आणि पुढे त्याचा कायदा झाला. सूक्ष्म आणि लहान कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीला बंदी, हा त्याचा विषय. पाठलाग करणं, घराभोवती किंवा कामाच्या ठिकाणी घुटमळत राहणं, गुंड पाठवणं, अपमान करणं, सरकारी योजनांची कागदपत्रं हिसकावणं, हे सगळं त्यात येतं. शिक्षा १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. पोलिसांना तक्रार नाकारता येत नाही. नोंदणी नसलेल्या सावकाराने दुर्बल घटकांतल्या माणसाला कायदा येण्याआधी दिलेलं कर्ज व्याजासकट फिटलं असं धरलं जातं. पण 'सरकारने सगळी फायनान्स कर्जं माफ केली' ही अफवा त्याच सुमारास गावोगाव पसरली आणि काहींनी हप्ते बंद केले, ते मात्र चुकीचं होतं. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका आणि एनबीएफसी या कायद्याच्या बाहेर आहेत. त्यांच्यासाठी वर सांगितलेले रिझर्व्ह बँकेचेच नियम.

सावकारीतला सर्वांत घातक कागद म्हणजे 'तारण म्हणून' करून दिलेलं खरेदीखत. 'पैसे दिले की परत फिरवून देतो' हे तोंडी वचन पुढे टिकत नाही. परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच कायदा त्याला गहाण मानतो. वेगळ्या स्टॅम्पवर लिहिलेली अट उपयोगाची नाही. जमीन महाराष्ट्रात असेल आणि बेकायदा सावकारीतून गेली असेल, तर २०१४ च्या कायद्याच्या कलम १८ खाली तिथल्या जिल्हा निबंधकाकडे ती परत मागता येते. चंदगड किंवा शिनोळीकडे शेती असून बेळगावात राहणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

*पतसंस्था, सौहार्द आणि सोसायटी.* यांना 'सरफेसी' कायदा, म्हणजे कोर्टात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेऊ देणारा कायदा, वापरता येत नाही, तो बँकांसाठी आणि ठरावीक वित्तसंस्थांसाठी आहे. सहकारी बँकांना तो लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात स्पष्ट केलं. पतसंस्था बँक नसते. कर्नाटकातल्या सहकारी संस्थेला कलम ७० खाली निबंधकाकडे वाद दाखल करून निवाडा घ्यावा लागतो, मग त्याची अंमलबजावणी. मल्टिस्टेटला कलम ८४ खाली लवाद. महाराष्ट्रातल्या पतसंस्थेला कलम १०१ चा वसुली दाखला मिळतो आणि त्यावर वसुली अधिकारी जप्ती करतो. तुमची मालमत्ता बेळगाव जिल्ह्यात असेल तर महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्याला थेट येऊन टाच आणता येत नाही. ते प्रकरण रीतसर इकडच्या यंत्रणेमार्फत यावं लागतं. पण म्हणून निर्धास्त राहू नका. दाखल्याची सुनावणी तिकडेच होते आणि तिथे हजर राहून हिशेबावर हरकत घेतली नाही, तर आकडा तसाच कायम होतो.

पतसंस्थेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येत नाही. त्यासाठी सहकार खातंच.

*बँकेचं तारणी कर्ज.* हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं. मग सरफेसीच्या कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते. ही नोटीस म्हणजे तुमच्या हातातली सर्वांत मोठी संधी. हिशेब चुकला असेल, दंड जास्त लावला असेल, तर याच ६० दिवसांत लेखी हरकत द्या. बँकेला १५ दिवसांत कारणासह उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर ताबा. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, जावं लागतं. बेळगाव, कारवार, बिदर या सगळ्यांसाठी ते बेंगळुरूत आहे, कोल्हापूरसाठी पुण्यात. एवढ्या लांबचा खर्च आधीच धरून चाला. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी संपूर्ण रक्कम भरली तर मालमत्ता सोडवता येते. जाहिरात निघाल्यावर तो हक्क उरत नाही.

शेतजमिनीवर सरफेसीची कारवाई होत नाही. १ लाखापर्यंतच्या कर्जाला आणि २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी उरलेल्या कर्जालाही नाही. मात्र कागदोपत्री बिनशेती झालेली जमीन शेती म्हणून वाचत नाही.

गाडी, ट्रॅक्टर: थकबाकी असली तरी रस्त्यात अडवून, दमदाटी करून गाडी ओढून नेता येत नाही. गुंड लावून वसुली करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बँकांना बजावलं आहे. सोनं: विकण्याआधी नोटीस हवी, म्हणून पत्ता बदलला असेल तर शाखेत कळवा. मोबाइल अ‍ॅपवरचं कर्ज: त्यामागची बँक किंवा एनबीएफसी कोणती ते विचारा. सांगता येत नसेल आणि फोनमधले नंबर काढून धमक्या येत असतील तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तिसरं काम: चेक आणि सह्या कुठे-कुठे दिल्यात, ते आठवून लिहून काढा

सीमेमुळे सगळ्यात जास्त फटका चेकच्या केसमध्ये बसतो. समजा, निपाणीच्या व्यापाऱ्याने कोल्हापूरच्या माणसाला चेक दिला आणि तो वटला नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक ज्या शाखेतल्या खात्यात भरला तिथल्या कोर्टात केस चालते. म्हणजे व्यापाऱ्याला तारखांना कोल्हापूरला जावं लागणार, पैशांचा व्यवहार निपाणीत झाला असला तरी. मुदती अशा: चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत त्याने नोटीस द्यायची, ती मिळाल्यावर १५ दिवसांत तुम्ही पैसे भरायचे, नाही भरले तर पुढच्या एका महिन्यात त्याने केस करायची. त्या १५ दिवसांत मामला मिटवता आला तर फौजदारी टळते. केस उभी राहिली की कोर्ट चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई भरायला लावू शकतं. सही करून दिलेला कोरा चेकही या कायद्यात धरला जातो, म्हणून 'फक्त तारणाला दिला होता' हा बचाव पुराव्याशिवाय चालत नाही.

दिवाणी दावा प्रतिवादी राहतो तिथे, किंवा व्यवहार झाला तिथे. करारात 'न्यायक्षेत्र चेन्नई' छापलेलं असलं तरी ज्या कोर्टाला मुळात अधिकार नाही त्याला तो कराराने मिळत नाही. कंपनीने स्वतःच नेमलेल्या लवादाची परगावची नोटीस आली तर गप्प बसू नका. अशी एकतर्फी नेमणूक ग्राह्य नाही, असं लेखी कळवून पोच ठेवा.

चौथं काम: तारखा मोजा

विनातारण कर्जाच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते. मागणीदेय, म्हणजे मागितले की पैसे द्यायच्या, वचनचिठ्ठीला चिठ्ठीच्या तारखेपासून ३ वर्षं. गहाण मालमत्तेतून वसुलीला १२ वर्षं. मुदतीच्या आत तुम्ही बाकी कबूल करणारी सही केली किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद दिली, तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मुदत उलटून गेल्यावरही 'देईन' असं लिहून दिलं तर ते नव्याने बंधनकारक होतं. म्हणून दारात आलेल्या माणसाच्या कागदावर तिथल्या तिथे सही करू नका. 'कागद ठेवून जा, वाचून उत्तर देतो' एवढं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

दाव्याचं समन्स आलं तर ३० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची, कोर्ट ती मुदत ९० पर्यंत वाढवू शकतं. वचनचिठ्ठीवरचा संक्षिप्त दावा असेल तर हजर व्हायला फक्त १० दिवस. समन्स कन्नडमध्ये आहे म्हणून ते कपाटात पडलं आणि एकतर्फी हुकूमनामा झाला, ही आपल्याकडची नेहमीची रड आहे. पाकीट आलं त्याच दिवशी तारीख वाचून घ्या.

पाचवं काम: काय जाऊ शकत नाही, ते माहीत करून घ्या

हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने काही गोष्टी राखून ठेवल्यात. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्रासारखा धर्माप्रमाणे न काढायचा दागिना, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि शेतावर पोट असणाऱ्याचं राहतं घर. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग सोडूनच जप्ती. म्हणजे २२,००० पगार असेल तर महिन्याला ७,००० च्या वर नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक करता येत नाही. पण हीच वस्तू तुम्ही त्या कर्जाला खास तारण दिली असेल, तर हे संरक्षण मिळेलच असं धरू नका. वडगाव-खासबागच्या मागवाल्यांनी माग कुणाकडे तारण आहेत, ते आधी बघावं.

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आधी कर्जदाराला धरा असं त्याला म्हणता येत नाही. वारस मात्र मिळालेल्या इस्टेटीपुरतेच बांधील असतात. बापाच्या कर्जासाठी पोराच्या स्वकमाईला हात लागत नाही, पोरगा स्वतः जामीन नसेल तर.

सहावं काम: योग्य दारात तक्रार

दमदाटी असेल तर आधी ११२ आणि मग पोलीस ठाणं. 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात द्यायची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. धमकी सांगलीहून फोनवर आली तरी फिर्याद चिकोडीत देता येते. आणि ठाण्यात बोलावून कुणी 'पैसे भरून टाक' म्हणत असेल, तर वसुली हे पोलिसांचं काम नाही, हे नम्रपणे सांगा आणि वकिलाशी बोला.

बँक किंवा एनबीएफसी असेल तर प्रथम त्यांच्याकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे जा, फी लागत नाही, माहितीसाठी १४४४८. सावकार आणि सहकारी संस्था यांच्यासाठी सहकार खात्याचं उपनिबंधक कार्यालय. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० लावा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड चांगली होते, पण तिच्या निवाड्यावर अपील नाही. झेपेल तोच हप्ता कबूल करा.

शेवटचं काम: कर्ज फिटल्यावर

बेबाकी दाखला (काही बाकी नाही असा कागद), दिलेले सगळे चेक, वचनचिठ्ठी आणि स्टॅम्प परत घ्या. बँकेने किंवा एनबीएफसीने मालमत्तेचे मूळ कागद ३० दिवसांत द्यायचे असतात. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. ती लेखी मागा. बोजा उतरवायला बँकेचं पत्र तहसील कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि महिनाभराने नवा आरटीसी काढून अकरावा रकाना रिकामा झाला का, ते बघा.